आडवं झालं की...

रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागतोय न लागतोय तोच उठून बाथरूम गाठावं लागतं. पाणी तर फार प्यायलेलं नसतं. पूर्वी वैताग यायचा, पण यात हृदयाचाही हात असतो हे वाचल्यापासून मी मुकाट उठतो. म्हणजे होतं काय, आपण आडवे झालो की पायातलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि एएनपी नावाचं हार्मोन रक्तात सोडतात, ते किडनीला सांगतं मीठ सोड, आणि मिठामागोमाग पाणी जातंच.

आजोळच्या विहिरीचं कोडं पण तेव्हाच सुटलं. मे महिन्यात पाठीला डबा बांधून आम्ही सगळी मामेआतेभावंडं तासन् तास पाण्यात, आणि वर आलो की एकजात सगळे बांधाकडे धूम. मामा ओरडायचा, "पाण्यात नाय ना रे केली कुणी?" की सगळे चिडीचूप! गळ्यापर्यंत पाण्यात राहिलं तरी दाबाने रक्त असंच वर चढतं, शिवाय पाण्याचा गारठा असतोच. पण हे मामाला कोण सांगणार.

मजा म्हणजे त्या कप्प्यांमधले बारीक दाणे 1956 पासून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसत होते, ते कशाला आहेत ते मात्र कळत नव्हतं. 1981 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनला अडॉल्फो डी बोल्ड या संशोधकाने वरच्या कप्प्यांचा अर्क उंदरांना टोचला तर ते भराभर मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लागले, खालच्या कप्प्यांच्या अर्काने तसलं काही नाही. म्हणजे ते दाणे ह्याच हार्मोनचे. आम्हाला शाळेत मात्र नंतरही हृदय म्हणजे पंप, एवढंच. आकृती काढा, नावं द्या, 4 मार्क.

हल्ली बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एनटी-प्रोबीएनपी असतं, ह्याच हार्मोनच्या भावकीतलं, आकडा चढलेला. थकलेलं हृदय हे भरपूर सोडतं, पण मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स पण तेव्हा जोरात असतात आणि किडनी ह्याचं फारसं ऐकत नाही, मग संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून जन्मभर आईशी वाद घालणारे बाबा नुसतं "बरं" म्हणाले. मला त्या आकड्यापेक्षा त्या "बरं"चीच जास्त भीती वाटली.