हुकवरची शेवटची डबी

रविवार, रात्री उशिरा

आज भाची गप्पांच्या ओघात बोलून गेली. तिच्या वर्गातल्या एका मुलीने एका मोठ्या साखळी दुकानातून लिपस्टिक उचलली आणि कुणालाही पत्ता लागला नाही. माझा चेहरा पाहून म्हणाली, "मावशी, एवढ्या मोठ्या कंपनीचं काय जातं गं? समुद्रातून लोटाभर पाणी घेतलं तर समुद्र आटतो का?"

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर आवाज चढला असता आणि मग तिने मला असलं काही पुन्हा कधी सांगितलं नसतं. पण तेव्हापासून तो समुद्र डोक्यातून जात नाही.

तिचं निम्मं म्हणणं मला पटतं, हेही लिहून ठेवते. कंपन्या या चोऱ्यांचा गवगवा फार करतात. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या व्यापाऱ्यांच्या संघटनेने 2023 मध्ये सांगितलं होतं, की 94.5 अब्ज डॉलरच्या तुटीपैकी (तूट म्हणजे हिशेबात असलेला, पण प्रत्यक्षात कमी भरलेला माल) जवळजवळ निम्मी तूट संघटित टोळ्यांमुळे झाली. तो दावा टिकला नाही आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना मागे घ्यावा लागला. त्यांच्याच पाहणीत 2022 ची एकूण तूट विक्रीच्या 1.6 टक्के होती. बाहेरच्यांच्या चोरीचा वाटा त्यात 36 टक्के, कर्मचाऱ्यांच्या चोरीचा 29 टक्के, उरलेल्यात नोंदीच्या चुका वगैरे. म्हणजे एका लिपस्टिकने कुठल्याही मालकाची झोप उडत नाही. मान्य.

पण मी अशा दुकानात तीन वर्षं काढली आहेत. माल मोजणं हेच माझं काम होतं. त्यामुळे मला समुद्र कधी दिसलाच नाही. मला दिसायचे माल टांगायचे हुक. कंपनीची दुकानं शेकड्यांनी असतील, पण एका दुकानात एका रंगाच्या लिपस्टिका किती? दोन किंवा तीन. उचलणारी समुद्रातून घेत नाही, त्या तीनातली एक घेते.

शिवाय विकलेला माल काउंटरवर स्कॅन होतो, चोरलेला होत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरच्या हिशेबी तो जागेवरच असतो. तीनही अशाच गेल्या तर हुक रिकामा, स्क्रीनवर मात्र तीन नग. तीन आहेत म्हटल्यावर नवी ऑर्डर आपोआप जात नाही. कुणीतरी येऊन हाताने मोजेपर्यंत ती जागा तशीच रिकामी राहते.

रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांचं असंच झालं होतं. एक वयस्कर गृहस्थ बायकोसाठी न्यायला आले. स्क्रीनवर दोन डब्या होत्या. मी म्हटलं, "आहेत काका, आत असतील, बघते." आतलं सगळं शोधलं, काही मिळालं नाही. चार दिवसांनी ते परत आले. तरीही दोन. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुद्दाम त्यांना हेलपाटे घालायला लावते आहे. मागच्या खोक्याआड एक फाडलेलं वेष्टन सापडलं तेव्हा मला उलगडा झाला. आकडा शून्य केला, ऑर्डर गेली, माल आला. ते मात्र पुन्हा दिसले नाहीत. दुसरीकडून घेतल्या असतील अशी आशा आहे. त्यांची ती नजर अजून सलते.

डबी कुणी नेली, हे मोजणीत कळत नाही. नुसतं कळतं की कमी भरली. मग संशय जवळच्या माणसांवर जातो. सौंदर्यप्रसाधनांच्या विभागात माझ्याबरोबर एक मुलगी होती. तिच्या पाळीत तीन वेळा माल कमी भरला आणि तीनही वेळा तिला आतल्या खोलीत बोलावून प्रश्न विचारले गेले. रोज निघताना तिची पर्स उलटी केली जायची. काहीही सापडलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओलंच जळालं. तिने नोकरी सोडली. जाताना ती रडली नाही, फक्त ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि मागे वळून न बघता गेली. तिच्यावर संशय घेणाऱ्यांचा राग मला आजही आहे. पण ज्याने तो माल नेला, त्यालाही मी यातून सोडत नाही.

कुलूपबंद कपाटं, घंटा वाजवून कर्मचाऱ्याची वाट बघणं, हे सगळे नंतरचे परिणाम आणि तेही गिऱ्हाइकालाच भोगावे लागतात. भाव किती वाढतो ते मला सांगता येणार नाही.

पोटासाठी कुणी काही उचललं तर मला वाईट वाटतं, राग येत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे हात थरथरत असतात. ही गोष्ट तशी नाही. "कुणाचं काही जात नाही" असं स्वतःला समजावून, हसत हसत केलेली ही चोरी आहे. भाची त्यात नव्हती, पण तिला ते पटलं होतं, आणि मला तेच लागलं.

उद्या तिला फोन करणार आहे. त्या पट्ट्यांची आणि त्या मुलीची, दोन्ही हकिकती सांगेन. मग विचारेन, मैत्रिणीने लिपस्टिक घेतली तेव्हा त्या हुकवर आणखी किती उरल्या होत्या.