अधिवेशनातली सांबारवडी

१९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन आमच्या वाट्याला आलं. डिसेंबरात ते भरलं की सिव्हिल लाईन्समधल्या आमच्या कार्यालयात घड्याळाकडे कोणी बघत नाही.

त्या संध्याकाळी एका तारांकित प्रश्नाचं उत्तर अडलं होतं. गडचिरोलीहून आकडे यायचे होते, आणि डबे तर दुपारीच रिकामे झालेले. मग एकेक खण उघडू लागला. कुठून फुटाणे निघाले, कुठून चिवडा, कुठून आंबिया बहाराची संत्री. संत्रं लपवून खाताच येत नाही. साल निघाली की वास पार आवक-जावकच्या टेबलापर्यंत जातो आणि फोडी वाटाव्याच लागतात. म्हणून ऑफिसात मला त्याच्याइतकं दुसरं फळ आवडत नाही.

तेवढ्यात टंकलेखनाच्या ताईंनी पिशवीतून मोठा डबा काढला. सांबारवडी! थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त असतो, त्यामुळे सारण ठासून भरलेलं. सांबार, खसखस, सुकं खोबरं, आतून चिंच-गुळाचा हात फिरवलेला. तळलेला पुडा मोडला की कुर्रकन आवाज येतो आणि आतलं हिरवंगार सारण कागदावर सांडतं. आमच्याकडे नियम एकच, फायलीला तेलाचा डाग लागता कामा नये. त्यामुळे सगळ्यांनी फायली खुर्च्यांवर सरकवल्या आणि टेबलांवर वर्तमानपत्रं पसरली.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच गडचिरोलीचा फोन आला. त्याच वेळी दारात मंत्रालयातून आलेले साहेब उभे. ताईंची बोटं तेलानं माखलेली. त्या हात धुवायला उठल्या.

"बसा, बसा. खाऊन घ्या निवांत," साहेब म्हणाले. "आकडे सांगा, मी टाइप करतो. फक्त माझ्यासाठी दोन ठेवा."

आणि खरंच बसले! मी फोनवरून आकडे सांगत होतो, साहेब तालुकावार तक्ता भरत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा अधिकारी मी पहिल्यांदाच पाहिला. उत्तर रवाना झालं तेव्हा त्यांच्या वाटणीच्या वड्या पार गार झाल्या होत्या. त्यांनी त्या उभ्याउभ्याच खाल्ल्या आणि विचारलं, "याच्यासोबत कढी असते ना?"

"असते ना जी," ताई म्हणाल्या, "उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मास भरून कढी आणली. चहाच्या कपांत ओतून आम्ही सगळे ती प्यालो, साहेबही.