पोलिसांचं काम, मग दवाखाना कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बचत गटाच्या बैठकीत, कॉलेजातल्या कार्यक्रमात, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारलं होतं, "मॅडम, बलात्कार हा गुन्हा. ते पोलिसांचं, कोर्टाचं काम. त्यात तुम्हा डॉक्टरांचं काय?" सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची ओपीडी बघते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वीची एक बाई आठवते. नाव-गाव सांगणार नाही. दुपारी ओपीडी उठायच्या वेळेला जाऊ तिला हाताला धरून घेऊन आली. जावेच्या दुसऱ्या हातात पिशवी होती. मी काही विचारायच्या आधीच तिने त्यातून साडी, परकर, ब्लाउज काढून टेबलावर ठेवलं. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, नीट घडी घातलेलं. पावडरीचा वास येत होता. "पुरावा लागतो म्हणतात ना? म्हणून आणलंय. स्वच्छ केलंय सगळं," ती म्हणाली.

त्या दिवशी घटनेला चौथा दिवस होता. तीन दिवस घरात एकच खल चालला होता, पोलिसात जायचं की नाही. सासरे नको म्हणत होते, दीर जाऊया म्हणत होता. दवाखान्याचं नाव कुणी काढलंच नाही. आधी तक्रार, मग तपासणी, अशीच सगळ्यांची समजूत.

पण अंगात जे सुरू झालेलं असतं, ते घरातला खल संपायची वाट बघत नाही. एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, आणि पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. तिची ती वेळ गेली होती. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी पाचव्या दिवसापर्यंत चालते, पण एकेका दिवसागणिक तिचा भरवसा कमी होत जातो. ती दिली. काविळीची लस दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गुप्तरोगांसाठी औषधं दिली. रक्त घेतलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या म्हणून सांगितलं. ते तीन महिने तिने कसे काढले असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही.

ती निदान आली तरी. बहुतेक जणी त्या कारणाने येतच नाहीत. त्या येतात सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि सांगतात, "अंगावरून पांढरं जातंय." नाहीतर ओटीपोट दुखतं, कंबर भरून येते, झोप नाही, छातीत धडधडतं. सोनोग्राफी नॉर्मल, रिपोर्ट सगळे नॉर्मल. नवऱ्याला बाहेर बसवून दार लोटलं आणि "घरी कुणी जबरदस्ती करतं का?" असं हळूच विचारलं, की काही जणी मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसतात. माझ्यासमोर बसलेल्यांत करणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो, आणि घरात करणारा बहुतेक वेळा नवराच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. म्हणजे ठाण्यात पोचतात त्या थोड्याच. बाकीच्या पोचल्याच तर माझ्यासारखीच्या टेबलाशी, दुसरंच काहीतरी दुखणं घेऊन. म्हणूनच मी याला आरोग्याचा प्रश्न म्हणते. जागतिक आरोग्य सभेने १९९६ सालीच तसा ठराव केला आहे.

आम्ही डॉक्टरही यात चुकलो आहोत, हे सांगितलंच पाहिजे. मी शिकत होते तेव्हा पेशंटला काय होतंय हे विचारायच्या आधी छापील फॉर्म भरला जायचा, आणि त्यात दोन बोटांच्या तपासणीचा, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बघायचा, रकाना असायचा. ती तपासणी मीही केली आहे. बाईला पूर्वी संबंधांची सवय होती का, हे त्यावरून कळतं असं आम्हाला शिकवलं होतं. त्यातून काहीही कळत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत आणि योनीचा पडदा आधीच फाटलेला, असं वैद्यकीय अहवालात होतं. तोच अहवाल कोर्टात तिच्या विरोधात गेला आणि सर्वोच्च न्यायालयात दोन्ही पोलिस सुटले. भीतीने अंग जागच्या जागी गोठतं, ओरडायला आवाज फुटत नाही, हे शरीरशास्त्र आहे. जखम नाही म्हणजे संमती होती असं होत नाही. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. दोन बोटांची तपासणी मात्र पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली. २०१४ साली आरोग्य मंत्रालयाने ती बंद करायला सांगितलं, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो कुणी ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगते. कुठलाही दवाखाना, सरकारी असो की खाजगी, अशा बाईला परत पाठवू शकत नाही. उपचार लगेच आणि फुकट मिळाले पाहिजेत. पोलिसांची चिठ्ठी लागत नाही. पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे, पण सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं, उपचार थांबवायचे नाहीत. अंघोळ झाली असली, कपडे धुतले असले, तरी या. नसतील धुतले तर कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि हाती लागण्यासारखं असतं तेही जातं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेने आणि सेहत या संस्थेने २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. हिंसा सोसलेल्या बाईशी बोलायला दवाखान्यातच प्रशिक्षित माणूस असतं. तशी एक खोली प्रत्येक तालुक्याला हवी, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहीन.

त्या बाईचा तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट चांगला आला. पुढे वर्षभराने एका रात्री तिच्या जावेचा फोन आला. शेजारच्या वस्तीवरची एक पोर होती.

"ताई, गाडीत बसलोय आम्ही. कपडे धुऊ दिले नाहीत मी. पेपरात बांधलेत."