तुम्ही विचारलंत म्हणून : घटस्फोटात ‘अर्धं’ मिळतं का?

“घटस्फोट झाला की अर्धी प्रॉपर्टी बायकोची ना?” हे पुरुष विचारतात तेव्हा आवाजात धास्ती असते, बायका विचारतात तेव्हा आशा. वकील म्हणून माझं उत्तर दोघांनाही एकच असतं आणि ते दोघांनाही पटत नाही. महाराष्ट्रात असा कायदा नाही. त्यावर लगेच कुणीतरी सांगतं, “पण आमच्या ओळखीतल्या एकीला फ्लॅट मिळाला की!” मिळाला असेल. तो तडजोडीत मिळाला, कायद्याच्या वाटणीत नाही. हा फरक तोंडी सांगून सांगून थकले, म्हणून आता लिहून ठेवते.

हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेबद्दल एकच कलम आहे, २७वं. लग्नाच्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या समाईक मालकीची असू शकेल अशी मालमत्ता, एवढ्यापुरतीच हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशात, सोय करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बाळकृष्ण कदम प्रकरणात लग्नाच्या आधी किंवा नंतर दिलेली, पण लग्नाशी संबंध असलेली वस्तूही यात धरली. तरीसुद्धा लग्नानंतर दहा वर्षांनी नवऱ्याने पगारातून, स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतलेलं घर त्यात बसत नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर हे कलमसुद्धा नाही. मालकीचाच वाद असेल तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली वेगळा दावा लावायचा, आणि तिथे पैसा कुणी भरला, नाव कुणाचं आहे, हे कागदावर सिद्ध करायचं. पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. ‘अर्ध्या’चा समज तेव्हाच्या बातम्यांतून उरला असावा असं मला वाटतं.

म्हापशाच्या चुलत बहिणीचं उदाहरण मात्र देऊ नका. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि निम्मी-निम्मी दोघांची ठरते. स्थावर विकायचं तर दोघांची संमती लागते. तिथे ‘अर्धं’ हे उत्तर बरोबर आहे. सावंतवाडी ओलांडून अलीकडे आलात की नाही.

स्त्रीधनाबद्दल मात्र मी ठाम बोलते. ते वाटायचं नसतंच, ते तिचंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात ते स्पष्ट सांगितलं आहे. माहेरचं, सासरचं, मैत्रिणींनी दिलेलं, सगळं तिचं. सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, आणि परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. अडतं ते पुराव्यावर. हुंडाबंदीच्या १९८५ च्या नियमांनुसार वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. अशी यादी कुणीच करत नाही. मग उरतात सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि बँकेचं लॉकर-रजिस्टर, म्हणजे लॉकर कुणी, कुठल्या तारखेला उघडलं याची नोंद. “पंचवीस तोळे होते” असं अर्जात लिहिणं सोपं आहे. पाटल्या किती, तन्मणी कुठला, कुणी दिला, वजन किती, असा एकेक दागिना लिहिला की समोरच्याला “काहीच नव्हतं” म्हणणं जड जातं.

आता ज्या प्रकरणामुळे हे लिहायला बसले ते सांगते. तपशील बदलले आहेत, चूक तीच ठेवली आहे.

दोघंही नोकरी करणारे. ठाण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर, किंमत सत्तर लाख, कर्ज एकतीस लाख बाकी. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा. तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी आणि सासूबाईंची औषधं. परस्पर संमतीने घटस्फोट ठरला. फ्लॅट त्याला, तिला एकरकमी पोटगी. संमतीच्या अटींत दोन वाक्यं लिहिली गेली : ‘सदर फ्लॅटवर पत्नीचा कोणताही हक्क राहणार नाही. कर्ज पती फेडेल.’ सह्या झाल्या, हुकूमनामा झाला. फाईल माझ्याकडे आली तेव्हा त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

पहिली अडचण बँकेची. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे नवरा-बायकोत काय ठरलं ते बँकेवर बंधनकारक नाही. बँकेच्या लेखी बायको अजून सहकर्जदारच होती. त्याचे हप्ते थकले, नव्वद दिवस उलटले, कर्ज बुडीत खात्याकडे गेलं आणि तिचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, कोसळला. स्वतःचं घर घ्यायला ती दुसऱ्या बँकेत गेली तेव्हा तिला हे समजलं.

दुसरी अडचण त्याची. थकबाकी भागवायला फ्लॅट विकायला काढला, तर इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नावं दोघांची. खरेदीदार तिची सही मागू लागला, नाहीतर तिचा हिस्सा त्याच्या नावे नोंदवून आणा म्हणाला. तो हक्कसोडपत्र करायला गेला. हक्कसोडपत्राला किरकोळ मुद्रांक शुल्क लागतं असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. ती सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे. स्वकमाईच्या फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा तर त्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच शुल्क. पस्तीस लाखांवर सात टक्के धरले तर २ लाख ४५ हजार. ते कुणी भरायचं, याबद्दल अटींत एक अक्षर नव्हतं. दोघं पुन्हा त्याच न्यायालयाच्या त्याच बाकावर येऊन बसली. या वेळी मुलगीही सोबत होती, कारण शाळेला सुट्टी होती.

लग्न टिकून असताना हेच बक्षीसपत्राने झालं असतं. राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र आहे. हुकूमनामा झाला की ती ‘पत्नी’ राहत नाही, सवलत संपते. पण बक्षीस म्हणजे खरोखर मोबदल्याविना दिलेलं. हिश्शाचे पैसे घेऊन कागदावर बक्षीस दाखवू नका, ते उघडं पडतं. पैसे हिश्शाचे असतील तर तसं लिहा, शुल्क कोण भरणार तेही लिहा, आणि तिला भांडवली नफ्यावर कर लागेल का, हे सीएला आधी विचारा.

आणि या सगळ्याच्या आधी बँक. कर्जातून एक नाव काढायला काय अटी आहेत, हे बँकेकडून लेखी घ्या. बँक त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज झेपतंय का ते बघते. झेपत नसेल तर नवा सहकर्जदार मागते, किंवा त्याला कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर न्यावं लागतं. घर गहाण असल्यामुळे बक्षीसपत्रालाही बँकेची ना-हरकत हवी. यात सहज दोन-तीन महिने जातात.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. पूर्वी मी प्रत्येक बाईला सांगायचे, आधी हुकूमनामा, मग सही. कारण परस्पर संमतीच्या अर्जात हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. तिने हिस्सा लिहून दिला आणि त्याने दुसऱ्या तारखेला (अर्जानंतर एरवी सहा महिने थांबून संमती पुन्हा सांगायची असते, ती तारीख) ‘मला घटस्फोट नको’ म्हटलं, तर तिच्या हातात काय उरलं? मग ठाण्यासारखी प्रकरणं बघितली आणि उलटं सांगू लागले : आधी नोंदणी, मग हुकूमनामा. दोन्ही सल्ल्यांत कुणीतरी उघड्यावर राहतं. आता मी पोटगीची रक्कम आधी न्यायालयात जमा करायला लावते आणि बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या तारखेच्या अगदी आदल्या दिवसावर आणते. दीड वर्ष वेगळं राहणं झालं असेल, मुलांचं आणि पैशांचं सगळं मिटलं असेल, तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे सहा महिन्यांची वाट माफ करून घेता येते, मग मधली जोखीम कमी होते. संपत नाही. नोंदणी कार्यालयाचा सर्व्हर त्याच दिवशी बंद पडू शकतो.

“आणि तिने घर चालवलं त्याचं काय?” हा तुमचा पुढचा प्रश्न. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीचा समान वाटा मान्य केला. मला तो निकाल मनापासून पटतो. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, हेही मला सांगावंच लागतं. इथे तिच्या कष्टांचा हिशेब पोटगीच्या आकड्यातच करून घ्यावा लागतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते नीट भरा, आणि समोरच्याचं ओळ न ओळ वाचा. नवऱ्याने घर परस्पर विकू नये असं वाटत असेल तर नुसता दावा लावून भागत नाही. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते.

मग कायद्यानेच अर्धं असावं का? काही दिवशी मी हो म्हणते. मग एखादीची फाईल येते, जिच्या नवऱ्याच्या धंद्यावर दीड कोटींचं कर्ज आहे, आणि आठवतं की गोव्यात मालमत्तेबरोबर संसारासाठी काढलेली कर्जंही दोघांची होतात. त्या दिवशी माझ्या तोंडून हो निघत नाही.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा इंडेक्स टू, कर्जाचं स्टेटमेंट, दोघांच्या खात्यांचे तीन वर्षांचे उतारे आणि दागिन्यांची यादी सोबत आणा. ते बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही.