मेणवली, वाई, लिंब: विकिमीडिया कॉमन्ससाठी एका दिवसाची फेरी

विकिमीडिया कॉमन्स म्हणजे विकिपीडियासाठीचा, कोणालाही वापरता येणाऱ्या फोटोंचा खुला साठा. त्यासाठी फोटो काढायची ही फेरी साताऱ्याहून एका दिवसात आरामात होते. क्रम मात्र उलटा धरा: आधी मेणवली, मग वाई, आणि साताऱ्याजवळचं लिंब परतताना दुपारी. कारण तिथल्या बारा मोटेच्या विहिरीत तळापर्यंत ऊन पोचतं ते माथ्यावर आल्यावरच; सकाळी काठ पांढरा येतो नि तळ काळाकुट्ट. पातळ ढगांचा दिवस मिळाला तर उत्तम.

निघण्याआधी विकीशूटमी या संकेतस्थळाचा नकाशा पाहा; कुठल्या जागेचे फोटो हवे आहेत ते तो दाखवतो. लाल ठिपका म्हणजे विकिडेटावर (विकिपीडियाच्या माहितीकोशात) नोंद आहे, फोटो नाही; हिरवा म्हणजे फोटोही आहे. पण हिरवा ठिपका पाहून जागा सोडू नका. बहुतेक ठिकाणी दर्शनी बाजूच तेवढी कॉमन्सवर पोचलेली असते.

मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळातली पोर्तुगीज घंटा 1739 च्या वसई मोहिमेनंतर इथे आली. तिच्यावर 1707 साल आणि मेरी व बाळ येशू उठावात आहेत. फ्लॅश मारला की उठाव सपाट होतो. फ्लॅश बंद करून सोबत्याला बाजूने तिरकी बॅटरी धरायला सांगा, अक्षरं लगेच वाचता येतात. घाटावर धुणं-आंघोळ चालू असेल तर थांबा, किंवा दुसरा कोन शोधा.

वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ (1762, सरदार रास्ते यांनी बांधलेलं) समोरून सगळेच टिपतात. खरी गोष्ट मागे आहे: पुराचं पाणी दुभागावं म्हणून पाठभिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. पाणी उतरलेलं असताना नदीच्या बाजूने ती नीट येते. वाइड अँगल नको, शिखर मागे कलंडतं; लांब जाऊन साध्या लेन्सने, फोन सरळ धरून काढा. गाभाऱ्यात आधी विचारा.

लिंबची विहीर वरून शिवलिंगासारखी दिसते, तो फोटो हवाच. पण जिना, मोटांच्या जागा, वरचा महाल आणि शिलालेख हे प्रत्येक वेगळं घ्या. शिलालेखातलं 1641 हे शक आहे. 78 मिळवले की 1719 येतं. इसवी सन समजून वर्णनात टाकलं, तर विहीर थेट शिवरायांच्या बालपणात जाते, आणि तीच चूक पुढे सगळीकडे उतरते.

माहितीफलकाचा फोटो स्वतःपुरता ठेवा. इमारतीचा फोटो भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मुळे चालतो, फलकावरच्या मजकुराला ती सूट नाही.

फोटो संगणकावर केबलनेच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला की आकार घटतो, तारीख-कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते, आणि असा फोटो उचललेला असावा अशी शंका घेतली जाते. आयफोनमध्ये आधीच जेपेग (JPEG) निवडा. आयफोनची हाइक (HEIC) फाइल कॉमन्स घेत नाही. वॉटरमार्क नको. सीसी बाय-एसए 4.0 (CC BY-SA) हा खुला परवाना दिला की नाव तुमचं राहतं, पण व्यापारी वापरालाही मुभा मिळते आणि ती मागे घेता येत नाही. सोबत्याने काढलेला फोटो त्यानेच चढवावा.

फाइलीला कॅमेऱ्याने दिलेलं ‘आयएमजी’ (IMG) नाव नको; ‘बारा मोटेची विहीर, शिलालेख, लिंब, ता. सातारा’ असं नाव द्या. मराठीत वर्णन, अचूक वर्ग आणि ‘चित्रित’ (फोटोत काय दिसतं) या रकान्यात विकिडेटाची नोंद भरा. नाव चुकलंच तर तीच फाइल पुन्हा चढवू नका, नामांतराची विनंती टाका.