बंड्या आणि पाण्यातला रिकॉल: आज पहिल्यांदा शिट्टीवर मान वळली

मागच्या वेळी मी मोठ्या उत्साहात लिहिलं होतं की बंड्याचा, म्हणजे माझ्या लॅब्रॅडॉरचा, रिकॉल (बोलावलं की परत येणं) पक्का झालाय, आता फक्त पाण्यातलं प्रूफिंग (तिथेही तो हमखास येईल अशी सवय पक्की करणं) राहिलंय. ते मागे घेते. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मुळशीला जे झालं त्यानंतर चार दिवस मला धड झोप लागली नाही, आणि आज तीन आठवड्यांनी सांगण्यासारखं काहीतरी चांगलं घडलंय, म्हणून सगळं एकदमच लिहितेय.

आमची नेहमीची जागा, पौडच्या पुढे बॅकवॉटरचा तो उथळ काठ. सकाळी साडेसात, पाण्यावर धुकं. बंड्या बायोथेनच्या (प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पट्ट्याच्या) लाँग लाइनवर, म्हणजे लांब दोरीवर. लाइन पाण्याखालच्या एका खोडात अडकली आणि तो पोहायला जोर लावतोय, लाइन मागे खेचतेय, तोंड पाण्याखाली जातंय असं दिसल्यावर मी कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि हार्नेसचा हुक काढला. तो निर्णय बरोबर होता, आजही मला तसंच वाटतं. पण हुक सुटला आणि नेमका समोर पाणकावळा.

बदक असतं तर उडून गेलं असतं आणि विषय तिथे संपला असता. पाणकावळा लगेच उडून जात नाही, बुडी मारतो आणि पंधरा-वीस फूट पुढे डोकं वर काढतो, बंड्या तिथपर्यंत पोचला की परत बुडी, परत पुढे, आणि असं करत करत माझा कुत्रा धुक्यात एक काळा ठिपका झाला. मी अ‍ॅक्मीची २११.५ ही कुत्र्यांची शिट्टी वाजवत होते, तीच शिट्टी जिच्यावर तो मैदानात मांजर समोर असताना गर्रकन वळतो. कानही हलला नाही त्याचा. पंचवीस मिनिटं. लॅब्रॅडॉर असला, दुहेरी कोट असला, बोटांमध्ये पडदा असला तरी पंचवीस मिनिटं गार पाण्यात म्हणजे खूप होतात, आणि मला दिसत होतं की त्याची पाठ खाली जातेय.

तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं लावून बसलेल्या एका मामांनी मासे जाळ्याकडे हाकलायला काठीने पाणी बडवलं. छपाक. आणि बंड्या वळला! शिट्टीला नाही, माझ्या ओरडण्याला नाही, त्या छपाकला. मामांच्याही लक्षात आलं, ते मग काठाच्या दिशेने थोडं थोडं सरकत पाणी बडवत राहिले आणि हा त्यांच्या मागे मागे थेट माझ्यापर्यंत आला. मामा म्हणाले, "ताई, शिट्टी वाजल्यावर त्याला काय मिळतं पाण्यात? काही नाही. पाण्यात काही पडलं तर मिळतं." गेली दोन वर्षं मी ट्रेनिंगवर जे काही वाचलं ते या एका वाक्यापुढे कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी शेपूट लुळी. मुळाशी थोडी आडवी आणि मग सरळ खाली लोंबतेय, हात लावला की कण्हतोय. मला वाटलं मोडली. डॉक्टर म्हणाले कोल्ड टेल, गार पाणी आणि अति पोहणं, शेपटीच्या मुळाशी असलेले स्नायू दुखावतात. आराम आणि त्यांनी दिलेलं औषध, पाचव्या दिवशी शेपूट परत हलायला लागली. कृपया घरातली पेनकिलर देऊ नका कुणी, आपली आयब्युप्रोफेन त्यांना विषासारखी आहे.

मग डायरी काढून बसले. जमिनीवर मी प्रीमॅक (त्याला जे करायचंय तेच बक्षीस म्हणून द्यायचं) अगदी निष्ठेने पाळलाय, बोलावलं की आला, आला की "जा" म्हणून परत सोडला, त्यामुळे येणं म्हणजे मजा संपणं असं त्याला कधी वाटलंच नाही. पाण्यात मात्र मी त्याला फक्त निघायच्या वेळी बोलावत आलेय. शिट्टी, लाइन, टॉवेल, गाडी. दरवेळी. म्हणजे पाण्यातल्या शिट्टीचा अर्थ मीच त्याला शिकवला होता, आणि तो त्याने चोख शिकला. लिव्हरचंही तेच, तुम्ही बऱ्याच जणांनी उकडलेलं लिव्हर सुचवलंत आणि जमिनीवर ते सोनं आहे, पण पोहताना त्याच्या लेखी त्याची किंमत शून्य. पाण्यात त्याचं हाय व्हॅल्यू बक्षीस एकच, छपाक.

म्हणून नवीन पद्धत. शिट्टी, मनात एक आकडा मोजायचा, मग काठाजवळ बंपर (फेकून आणायला लावायचं खेळणं) आपटायचा. क्रम महत्त्वाचा आहे, दोन्ही एकदम केलं तर तो फक्त छपाक ऐकतो आणि शिट्टी वायाच जाते. सुरुवात गच्चीवर, कपडे धुवायच्या टबात, तीन दिवस नुसतं शिट्टी आणि पाण्यावर हात. मग वाघोलीकडच्या एका डॉग पूलमध्ये (क्लोरीन इतकं की दोघांचे डोळे लाल, तिथे परत जाणार नाही). पहिल्या दिवशी बारापैकी चार वेळा नुसत्या शिट्टीवर वळला, तिसऱ्या दिवशी बारापैकी नऊ. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत सोडायचं, आणि दहाव्यांदाही लगेच लाइन नाही, आधी टॉवेलने खेचाखेची. बंपर चपटा घ्या, चेंडू धरताना तोंड उघडं राहतं आणि पोटात पाणी जातं, ते फार गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मी दर दहा मिनिटांनी बाहेर काढून बसवते.

सामानाबद्दल. बायोथेनबद्दल माझं मत तेच आहे, चिखलात तिच्यासारखी लाइन नाही, पण ती बुडते, आणि बुडाली म्हणजे खोडात जाणारच. आता बोहरी आळीतून पंधरा मीटर पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) दोरी आणलीय, ती तरंगते (नायलॉन घेऊ नका, तीही बुडते), टोकाला गाठ नाही, हाताचा फासही नाही, अडकायला काही ठेवलंच नाही. हातमोजे मात्र हवेतच. ऑनलाइन घेतलेल्या लाइफ जॅकेटची पाठीवरची मूठ दुसऱ्याच वेळी उसवली, ज्या मुठीवर अख्खा कुत्रा उचलायचा ती एकेरी टाक्यावर शिवलेली, मला खरंच राग आला. दप्तरं शिवणाऱ्या काकांकडून आडवा पट्टा लावून दुहेरी शिवून घेतली.

आणि आज. परत मुळशी, पीपी लाइनवर, उन्हं वर आल्यावर. अर्ध्या तासात एका खोडावर पंख पसरून पाणकावळा. बंड्या निघाला. मी शिट्टी वाजवली, बंपर हातात उचललेला, अजून टाकलाही नव्हता, आणि त्याची मान वळली. छपाकच्या आधी! मग पूर्ण वळून आला, मी बंपर टाकला, त्याने उचलला, मी लगेच "जा" म्हटलं. सहापैकी चार वेळा असं झालं. दोन वेळा लाइनने आणावं लागलं, तेही लिहून ठेवलंय. लाइन एवढ्यात सुटणार नाहीये.

आता मुळशी मात्र बंद. वीज करायला इथलं पाणी खाली भिऱ्याला जातं, उन्हाळ्याकडे पातळी उतरत जाईल आणि आणखी खोडं वर येतील. म्हणून पुढच्या रविवारी दादाच्या मित्राच्या शेततळ्यावर जायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की त्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, उतार ओला झाला की कुत्र्याची नखं धरतच नाहीत, पोहता येणारे कुत्रेही तिथे बुडतात. रद्द. किंवा थांबा, एका कोपऱ्यात काथ्याच्या जाड चटईचा पट्टा वरून खुंट्यांना बांधून पाण्यात सोडला, आणि मी कायम तिथेच उभी राहून शिट्टी वाजवली, तर शिट्टी म्हणजे बाहेर यायची वाट हेही त्याला त्यातच शिकवता येईल. आधी मी स्वतः त्या पट्ट्यावरून चढून बघणार. दादाला आत्ताच मेसेज टाकलाय, मित्राकडून उताराचा फोटो मागव म्हणून.