उलटा बोल्ट

खंबाटकी उतरताना बायको म्हणाली, "गाडी रडतेय." ब्रेकवर पाय पडला की उजव्या चाकातून बारीक 'चींss', पाय काढला की गप्प. हे रडणं कंपनीनेच ठेवलेलं असतं. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून आवळतं ते पॅड. ते झिजत आलं की त्याला जोडलेली लोखंडाची पत्री डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचे ब्रेक धातूवर धातू घासून कायमच किंचाळत. आमचे निदान शेवटीशेवटी तरी किंचाळले. गतिरोधकावरचं 'खट्खट्' मात्र वर्षभराचं जुनं होतं. त्यावर आम्ही रेडिओचा आवाज वाढवून इलाज केला होता.

नाना पेठेतून दोन्ही बाजूंचे डिस्क पॅड आणले, आणि खटखटीसाठी चाकामागच्या सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्म. शॉकॲब्सॉर्बर मी मुद्दाम वगळले. दाबून बसवलेली स्प्रिंग निसटली तर माणसाला विचारत नाही. असलं काम ज्याच्याकडे योग्य साधन आहे त्यानेच करावं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई अंथरली. जॅकने गाडी उचलली, खाली दोन घोड्या लावल्या, मागच्या चाकांना विटा दिल्या. घोड्या नसत्या तर मी गाडीखाली हातसुद्धा घातला नसता. तळमजल्यावरचे काका चहा घेऊन आले आणि खुर्ची टाकून बसले. "मेकॅनिकने तासाभरात करून दिलं असतं," असं ते दर तासाला म्हणत राहिले.

पॅड बदलणं खरंच सोपं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलून तारेने टांगायचा; ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. जुनं पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) हळूहळू आत दाबायचा. त्याच वेळी बॉनेटखालच्या बाटलीत ब्रेक ऑइल वर चढत असतं, हे मला जरा उशिरा आठवलं. ते रंगावर सांडलं तर रंग खातं. धावत जाऊन मुलाच्या औषधाच्या सिरिंजने थोडं ओढून घेतलं. तेवढ्यापुरते काका खुर्चीतून उठले.

खरा दिवस खाल्ला तो लिंक रॉडने. जेमतेम बोटभर नट. पाना फिरवला की नट फिरतो, आणि त्याच्याबरोबर आतला दांडाही तितक्याच आनंदाने फिरतो. दांड्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की (षटकोनी चावी) घालून तो धरून ठेवायचा असतो, पण चौदा पावसाळ्यांनी त्या खाचेत गंज भरला होता. आदल्या रात्री तेल सोडलं होतं, ते गंजाने पिऊन टाकलं. पान्याला पाइप लावला तर ॲलन की गोल झाली. शेवटी हॅक्सॉ घेतला. पाऊण तास आडवं पडून, डोळ्यांत लोखंडाचा भुसा जाऊ नये म्हणून स्कूटरचं हेल्मेट घालून, तो दांडा कापला. नवीन रॉड बसवायला किती वेळ लागला म्हणाल? चार मिनिटं. गॅरेजच्या बिलावर 'मजुरी' असा एकच शब्द असतो, त्यात ही पाऊण तासाची करवत कुठेच दिसत नाही. त्या दिवसापासून मजुरीवर घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

एक शहाणपण मात्र सुचलं होतं: एका वेळी एकच बाजू उघडायची. कुठला वॉशर आत आणि कुठला बाहेर, याचा घोळ झाला की दुसऱ्या चाकाशी जाऊन बघून यायचं. उजवी बाजू सहा तास चालली, डावी दीड तासात झाली.

लोअर आर्मचे बोल्ट मी चाक लोंबकळत असताना आवळणारच होतो. तसं केलं तर आर्मच्या सांध्यातल्या बुशमधलं रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर टेकली की कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. म्हणून आर्मच्या चाकाकडच्या टोकाला, बॉल जॉइंटखाली, जॅक लावून आर्मवर गाडीचं वजन आणायचं आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. हे मला फार आवडलं. रोज जेवढा भार पेलायचा, तेवढा अंगावर घेऊनच बोल्ट पक्का करायचा.

संध्याकाळी गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! पिस्टन आत दाबलेला, त्यामुळे पेडल आधी चार-पाच वेळा पंप करायचं असतं. ते लिहून ठेवलेला कागद माझ्याच खिशात होता. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणून काकांचं तुळशीवृंदावन वाचलं. काका काही बोलले नाहीत. खुर्ची उचलून आत गेले.

लोअर आर्म बदलला की चाकांची अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ रेषेत आणणं, करावीच लागते. सोमवारी गाडी नेली. विशीतला पोरगा खड्ड्यात उतरला, टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हे काम कुठं केलं?"

"घरी."

"चांगलं केलंय." मग टॉर्च एका जागी थांबली. "हा बोल्ट उलट्या बाजूनं घातलाय तुम्ही."

"चालेल ना?"

"चालतंय की. पण पुढच्या वेळी काढताना पाना आत जाणार नाही." तो वर आला, हात पुसत हसला. "काढणार तुम्हीच ना?"